गंडमाळा : कांचनार गुग्गुळ देण्यापूर्वी

मान, काख वा जांघेतील गाठीची तक्रार घेऊन रुग्ण आला की आपल्यापैकी बहुतेक जण प्रथम कांचनार गुग्गुळ लिहितात. शार्ङ्गधरोक्त हा कल्प आम्हीही नित्य वापरतो व त्याविषयी आमची तक्रार नाही. तथापि गाठ कशाची हे न ठरविता तो महिनोन्महिने चालू राहिला, तर क्षय वा अर्बुद असलेल्या रुग्णाचा मोलाचा काळ त्यात निघून जातो.

सुश्रुतांनी निदानस्थानाच्या ११ व्या अध्यायात ग्रंथी, अपची, अर्बुद व गलगंड यांचा एकत्र विचार केला आहे, तो त्यांतील भेद कळावा म्हणूनच असे आम्हांस वाटते. चरकांनी श्वयथुचिकित्सेत गंडमाळा साध्य सांगून पुढे पीनस, पार्श्वशूल, कास, ज्वर व छर्दी यांनी युक्त असल्यास ती असाध्य म्हटली. मानेतील गाठीसोबत खोकला, ताप आणि कुशीत दुखणे हे चित्र आज आपण फुफ्फुसाच्या क्षयात पाहतो. गाठ दाखविणाऱ्या रुग्णास खोकल्याविषयी विचारावे, हे आपल्याच ग्रंथांचे सांगणे आहे.

बहुसंख्य गाठी निरुपद्रवी असतात. पायाला ठेच लागून पिकली की जांघेत अवधाण येते. किडलेली दाढ, सुजलेले टॉन्सिल, डोक्यातील उवा व फोड यांमुळे मानेत गाठी येतात. लहान मुलांच्या मानेत हरभऱ्याएवढ्या, मऊ, बोटाखाली सरकणाऱ्या गाठी वारंवार आढळतात. मूळ कारणाची चिकित्सा करून ३-४ आठवडे वाट पाहण्यास येथे हरकत नाही. मात्र पहिल्याच दिवशी मोजपट्टीने माप घेऊन ते केसपेपरवर लिहावे. ‘जरा कमी वाटते’ या शब्दांस अर्थ नाही. साधारणतः १ सेंमीपेक्षा, जांघेत १.५ सेंमीपेक्षा मोठी गाठ वाढलेली समजतात.

याला एक अपवाद आहे. अक्षकास्थीच्या वरच्या खळग्यात हातास लागणारी गाठ कितीही लहान असो, तिची वाट पाहू नये. डाव्या बाजूस ती आमाशयाच्या वा उदरातील अन्य अवयवाच्या कर्करोगाची, उजव्या बाजूस छातीतील रोगाची पहिली खूण असू शकते.

स्पर्शपरीक्षा बरेच सांगते. दुखरी, उष्ण, लाल गाठ बहुधा जंतुसंसर्गाची. एकमेकींस चिकटलेल्या, न दुखणाऱ्या, पुढे मऊ होऊन फुटणाऱ्या गाठी क्षयाच्या. रबरासारख्या घट्ट गाठींत लिंफोमाचा, तर दगडासारख्या कठीण व स्थिर गाठींत अन्यत्र असलेल्या कर्करोगाचा संशय घ्यावा. अर्थात बोटांवर विसंबून निदान पक्के होत नाही. वजन घटणे, रात्री कपडे भिजविणारा घाम, रेंगाळणारा ताप वा एकाहून अधिक ठिकाणी गाठी असल्यास तपासणी लांबवू नये. गाठ न दुखणे ही रुग्णास दिलासा देणारी गोष्ट वाटते; वैद्यास ती वाटू नये.

आपल्याकडे तंबाखू व मिशेरीचे प्रमाण पाहता जबड्याखालील कठीण गाठ दिसताच तोंड उघडून, कवळी काढावयास लावून, जिभेच्या कडा व गालाची आतील बाजू बॅटरीच्या उजेडात पाहावी. यास दोन मिनिटेही लागत नाहीत.

सुई टोचल्याने कॅन्सर पसरतो, ही समजूत रुग्णांत खोलवर रुजली आहे. आपण तिला दुजोरा देऊ नये. सुईने घेतलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याबरोबरच सीबीनॅट तपासणीसही पाठवावा. लिंफोमाच्या संशयात मात्र सहसा पूर्ण गाठ काढून तपासणे आवश्यक ठरते. क्षयाची मऊ झालेली गाठ दवाखान्यात चिरू नये. नाडीव्रण होऊन तो दीर्घकाळ वाहत राहतो.

औषधालयाच्या मालकांस येथे विशेष विनंती आहे. निदानापूर्वी दिलेले स्टेरॉइड लिंफोमाची गाठ तात्पुरती वितळविते व बायोप्सी फसविते. लिव्होफ्लॉक्सासिन क्षयजंतूंस काही काळ दाबते, निदान लांबते. चिठ्ठीविना ही औषधे देऊ नयेत. क्षयरोगविरोधी औषधे २०१४ पासून एच-१ अनुसूचीत असून त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवावी लागते.

क्षय निश्चित झाल्यास शासकीय चिकित्सा विनामूल्य मिळते; ग्रंथिक्षयात ती सामान्यतः ६ महिन्यांची असते. नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी दरमहा १००० रुपयेही मिळतात. क्षयरुग्णाची शासनास सूचना देणे खासगी व्यावसायिकांस २०१२ पासून, तर औषधविक्रेत्यांस २०१८ पासून बंधनकारक आहे. चिकित्सा चालू असताना काही रुग्णांत गाठी प्रथम वाढतात वा नव्या येतात. औषध लागू पडत नाही असे समजून रुग्ण नेमका याच वेळी आपल्याकडे येतो. त्याची औषधे बंद करू नयेत. त्यास मूळ चिकित्सकाकडे परत पाठवावे, आणि अग्नी व बल यांचा विचार करून जोडीस द्यावयाचे औषध त्यांना कळवून द्यावे. भूक मंदावणे, उलटी वा डोळे पिवळे होणे दिसल्यास यकृताची तपासणी त्याच दिवशी करावी.

रुग्णास अन्यत्र पाठविताना चिठ्ठीत गाठीचे स्थान, माप, कालावधी आणि दिलेली सर्व औषधे लिहावीत. आपले कल्प त्यातून वगळू नयेत.