मावळातील सॉफ्टबॉल : प्रवासखर्च आणि महाविद्यालयीन प्रवेश

अमेरिकेत मुलींच्या फिरत्या सॉफ्टबॉल संघांवर पालक मोठा खर्च करतात. कारण तेथील अनेक विद्यापीठे खेळाडूंना शिष्यवृत्ती देतात. मावळ-लोणावळ्यातील विद्यार्थिनीचे गणित भिन्न आहे. महाराष्ट्रात दहावी-बारावीचे क्रीडागुण व शासकीय सेवेतील ५ टक्के खेळाडू आरक्षण यांचा आधार मान्यताप्राप्त स्पर्धांतील प्रावीण्य हाच होय. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग व राज्य या क्रमाने होतात. खासगी निमंत्रित स्पर्धांची प्रमाणपत्रे त्यासाठी सामान्यतः उपयोगी पडत नाहीत. परिणामी, लोकलने पुण्यास जाऊन केलेल्या नियमित सरावाचा खर्च सार्थकी लागू शकतो. केवळ प्रवेशाच्या आशेने परगावच्या खासगी स्पर्धांवर केलेला खर्च मात्र अनाठायी ठरतो. पालकांना हा भेद वेळीच समजावून देणे हे अध्यापकांचे कर्तव्य आहे.