कणयुक्त प्रवाहातील धातूची झीज व क्षरण : मापन आणि अन्वयार्थ

प्रस्तावना :
हिमाचल प्रदेशात सतलज नदीवर उभारलेला नाथपा झाकरी हा १५०० मेगावॅट क्षमतेचा जलविद्युत प्रकल्प २००४ मध्ये पूर्ण क्षमतेने कार्यान्वित झाला. तेथील भूमिगत गाळनिवारण कक्षांची रचना ०.२ मिलिमीटरहून मोठे कण वेगळे करण्यासाठी केलेली आहे; त्याहून बारीक कण मात्र पाण्याबरोबर टर्बाइनमध्ये शिरतात. या गाळातील क्वार्ट्झची कठिनता मोह्‌ज श्रेणीनुसार ७, म्हणजे टर्बाइनच्या पोलादाहून अधिक असते. परिणामी धातूचे पृष्ठभाग झिजतात आणि गाळाचे प्रमाण फार वाढल्यास संच बंद ठेवावे लागतात. अशा ठिकाणी कोणता धातू वा कोणते लेपन वापरावे, हे मापनावरून ठरते. प्रस्तुत लेखात या मापनाचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

संकल्पना :
कणांच्या आघाताने धातू निघून जाणे ही यांत्रिक झीज होय, तर विद्युत-रासायनिक क्रियेने धातू विरघळणे म्हणजे क्षरण. या दोन्ही क्रिया एकमेकींस साहाय्य करतात. कण पृष्ठभागावरील संरक्षक ऑक्साइडचा थर खरवडतात व उघडा पडलेला धातू वेगाने क्षरण पावतो. उलटपक्षी, क्षरणाने खडबडीत व दुर्बल झालेला पृष्ठभाग पुढील आघातांना सहज बळी पडतो. या परस्परपूरक परिणामास सहक्रिया म्हणतात.

मापनाची पद्धती :
प्रयोगशाळेत कणमिश्रित द्रवाचा झोत नमुन्यावर सोडला जातो किंवा अशा द्रवात नमुने फिरवले जातात. प्रयोगापूर्वी व नंतर नमुन्याचे वजन करतात. पोलादाच्या १ चौरस सेंटिमीटर पृष्ठभागावरून १ मिलिग्रॅम धातू गेल्यास जाडी सुमारे १.३ मायक्रोमीटरने घटते. परंतु एकट्या वजनावरून घट कशामुळे झाली, हे कळत नाही. त्यासाठी तीन स्वतंत्र चाचण्या आवश्यक ठरतात :

१) कणयुक्त द्रवातील एकूण घट.
२) त्याच द्रवात नमुन्यास ऋण विभव देऊन क्षरण रोखल्यावर होणारी शुद्ध झीज.
३) त्याच वेगाने वाहणाऱ्या कणरहित द्रवातील शुद्ध क्षरण. हे क्षरण-प्रवाह मोजून फॅरडेच्या नियमाने काढता येते. लोखंडासाठी दर चौरस मीटरला १ अँपिअर प्रवाह म्हणजे वर्षाला सुमारे १.१६ मिलिमीटर घट होय.

एकूण घटीतून शुद्ध झीज व शुद्ध क्षरण वजा केले असता सहक्रियेचा वाटा मिळतो. उदाहरणादाखल एकूण घट २० मिलिग्रॅम, झीज ११ व क्षरण २ मिलिग्रॅम मानल्यास सहक्रिया ७ मिलिग्रॅम येते. दोन स्वतंत्र चाचण्यांची केवळ बेरीज करणाऱ्या अभ्यासकाच्या हिशेबातून येथे ३५ टक्के हानी निसटेल.

घ्यावयाची दक्षता :
झिजेचा दर साधारणतः वेगाच्या दुसऱ्या ते तिसऱ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. म्हणजेच वेग दुप्पट झाल्यास झीज चार ते आठपट होते. त्यामुळे वेगमापनातील लहानशी चूकही निष्कर्ष बिघडवते. आघाताचा कोनही नोंदणे अगत्याचे आहे, कारण तन्य धातूंची झीज २० ते ३० अंशांच्या सुमारास, तर ठिसूळ पदार्थांची ९० अंशांजवळ सर्वाधिक असते. याशिवाय तीच वाळू पुनःपुन्हा वापरल्यास कणांच्या कडा बोथट होतात आणि झीज प्रत्यक्षाहून कमी भासते.

निष्कर्ष :
एकूण घटीचा आकडा समान असला, तरी उपाय समान नसतो. नदीच्या गोड्या पाण्यातील क्रोमियमयुक्त पोलादाबाबत प्रायः यांत्रिक झीज प्रबळ असते. तेथे टंगस्टन कार्बाइडसारखे कठीण लेपन उपयुक्त ठरते. समुद्राच्या वाळूमिश्रित पाण्यात मात्र केवळ कठिनता पुरेशी नाही. अशा लेपनातील कणांना धरून ठेवणारा कोबाल्ट प्रथम क्षरण पावतो आणि कठीण कण सुटे होतात. म्हणून तेथे बंधक धातूत क्रोमियम मिसळणे हितावह ठरते. तात्पर्य, धातू किती गेला याबरोबरच तो कशामुळे गेला, हे सांगणारे मापनच सामग्रीच्या निवडीस आधारभूत मानावे.