दुसरी प्रत कुठे ठेवाल?

समजा, कोल्हापुरात शाहूपुरीत राहणाऱ्या एका संगीतशिक्षिकेने सहावीच्या मुलांचे समूहगीत घरच्या संगणकावर मुद्रित केले. पेटी एकदा, तबला दुसऱ्यांदा, मग मुलांचे आवाज लहान लहान गटांत, असे बारा ट्रॅक वेगवेगळे घेऊन तिने ते एकत्र बसवले. दोन वर्षांनी यातल्या मुलग्यांचे आवाज फुटलेले असतील. म्हणजे हे मुद्रण गेले, तर ते पुन्हा करता येणार नाही.

ते जपायचे म्हणजे नेमके काय जपायचे? काम संपवून आपण ‘सेव्ह’ करतो, तेव्हा तयार होणाऱ्या प्रोजेक्ट फाइलमध्ये बहुधा आवाज नसतोच! तिच्यात फक्त सूचना असतात : अमुक फोल्डरमधला तबला चौथ्या सेकंदाला सुरू करा, पेटी थोडी हळू करा, वगैरे. खरा आवाज दुसरीकडे असतो आणि तो बराच जागा खातो. मुद्रण करताना संगणक सेकंदाला ४८,००० वेळा आवाजाचे माप घेतो व प्रत्येक माप ३ बाइटमध्ये लिहितो, असे धरू. एका मिनिटाला ८६ लाख ४० हजार बाइट झाले. पाच मिनिटांचे बारा ट्रॅक म्हणजे सुमारे ५२ कोटी बाइट. बाईंनी नुसती प्रोजेक्ट फाइल पेनड्राइव्हवर घेतली, तर हाती येईल ती पाककृती; शिधा घरीच राहील. सगळे ध्वनी एका फोल्डरमध्ये गोळा करण्याची सोय बऱ्याच प्रोग्रॅममध्ये असते. ती आधी वापरावी, आणि तो फोल्डर दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा.

(फोल्डरच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहावा, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते. ‘अंतिम’, ‘अंतिम नवे’, ‘खरेच अंतिम’ अशी नावे ठेवणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही आहे.)

आता प्रतींचे गणित. एखादी हार्ड डिस्क वर्षभरात बिघडण्याची शक्यता २० मध्ये १ आहे असे सोयीसाठी मानू. दोन डिस्कवर प्रती असतील, तर दोन्ही बिघडण्याची शक्यता ४०० मध्ये १. हा गुणाकार वर्गात जरूर करून घ्या, पण लगेच विचारा : तो केव्हा चालतो? दोन्ही घटना एकमेकींपासून स्वतंत्र असतील, तेव्हाच. दोन्ही डिस्क एकाच कपाटात असतील, तर चोर दोन्ही नेईल.

आणि पाणीही. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, तेव्हा शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीसारख्या भागांत घरांत पाणी शिरले. बाईंनी दुसरी प्रत सांगलीच्या मावशीकडे ठेवली असती, तर? अंतर जवळपास पन्नास किलोमीटर, पण त्याच आठवड्यात कृष्णेने सांगलीही बुडवली होती. सह्याद्रीवरच्या एकाच पावसाने दोन्ही नद्या फुगल्या होत्या. गणिताच्या भाषेत त्या घटना स्वतंत्र नव्हत्या. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी, असा नियम जगभर सांगितला जातो. आपल्याकडे ‘दुसऱ्या ठिकाणी’ याचा अर्थ दुसऱ्या नदीच्या खोऱ्यात असा घ्यावा. इंटरनेटवरची जागाही चालेल. मात्र घरच्या फोल्डरची हुबेहूब नक्कल सतत ठेवणाऱ्या सोयीत एक गोम असते : घरी चुकून पुसलेली फाइल तिथूनही पुसली जाते.

प्रत बरोबर उतरली का, हे कसे ओळखायचे? जुने मास्तर गुणाकाराचा ताळा नऊने पाहत. संगणकही सगळ्या फाइलचा असाच ताळा काढून देतो. नऊच्या ताळ्याला ६३ आणि ३६ यांतला फरक कळत नाही; संगणकाचा ताळा मात्र एक बिट बदलला तरी पार वेगळा येतो. मूळ फाइलचा व प्रतीचा ताळा जुळला, की प्रत खरी.

एवढे करूनही वीस वर्षांनी ती फाइल वाजवणारा प्रोग्रॅम असेल का? इथे एक उदाहरण आठवते. छत्रपती शाहू महाराजांच्या दरबारी असलेले अल्लादिया खाँ केसरबाई केरकरांचे गुरू. केसरबाईंची भैरवी १९७७ साली सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकड्यांवर अवकाशात गेली. तबकड्या दोन, एक व्हॉयेजर १ वर, दुसरी व्हॉयेजर २ वर, आणि ही याने वेगवेगळ्या दिशांना चालली आहेत. पण त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे सोबत सुई दिली आहे, आणि तबकडी किती वेगाने फिरवायची हे वेष्टनावर चित्राने दाखवले आहे.

बाईंनीही प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून सुरू होणाऱ्या साध्या वेव्ह फाइलमध्ये काढून ठेवावा. कोणताही प्रोग्रॅम तो वाजवील, आणि बारा ट्रॅक एका रेषेत लावले की गाणे जुळेल. शेजारी एक साधी मजकूर-फाइल : तारीख, पट्टी, ताल, लय, कोणत्या ट्रॅकवर कोण. हे सारे मे महिन्यातच उरकावे, म्हणजे जूनमध्ये प्रत घेऊन जाणारा पाहुणा शोधावा लागणार नाही.