ओपनिंग डेच्या आधीचं मचाण

एरवी हुडी घालून लॅबमध्ये बसणारा मित्र नोव्हेंबरात एकदम भगभगीत नारिंगी जाकीट चढवून आठवडाभर गायब झाला, तर समजायचं तो विस्कॉन्सिनचा पक्का गाववाला आहे. एमएस करायला तिकडं गेलेल्या आपल्या पोरांना हा प्रकार पहिल्या वर्षी हमखास बुचकळ्यात टाकतो. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी तिथं बंदुकीनं हरणांची शिकार करायचा नऊ दिवसांचा सीझन उघडतो आणि पाच लाखांहून जास्त लायसन्सवाले रानात उतरतात. आपल्याकडं १९७२च्या कायद्यानं शिकारीवर बंदी आणली; तिथं लायसन्सच्या पैशावर वन खात्याची बरीच कामं चालतात. पटो न पटो, तिथलं गणित हे असं आहे.

यातले पुष्कळजण मचाणावर बसतात. मचाण म्हणजे ज्वारी राखायला बांधतात तसा माळा नाही. झाडाच्या बुंध्याला पट्ट्यानं आवळलेली लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची खुर्ची, पंधरा-वीस फुटांवर, बस्स!

तयारी खरं तर उन्हाळ्यातच उरकायची असते. पण सबमिशन आणि मचाण, दोन्ही शेवटच्या आठवड्यातच आठवतात. आणि इथंच गोची आहे. हरणाचं नाक भलतंच तिखट. सीझनच्या तोंडावर तुम्ही करवत घेऊन फांद्या तोडत बसलात, तर मुरलेला नर ती वाट सोडतो किंवा रात्रीच फिरायला लागतो. म्हणून जाणकार भर दुपारी जातात, शक्यतो वारा सुटलेला असताना किंवा पावसाची भुरभुर असताना. रबरी बूट घालायचे, काम उरकायचं आणि सटकायचं. वारा हरणाकडून आपल्याकडं येईल असंच मचाण निवडायचं. वारा फिरला तर? दुसऱ्या बाजूला दुसरं मचाण हवं.

हे सगळं शिकारीच्या यशापुरतं झालं. एका गोष्टीसाठी मात्र वास राहिला तरी चालेल, पण जायलाच हवं, ती म्हणजे पट्टे तपासणं. वर्षभर झाडावर राहिलेला पट्टा उन्हानं कुजतो, खारी तो कुरतडतात. झाडही वाढतं आणि आवळलेला पट्टा आतून ताणत राहतं. खालून बघितलं तर सगळं ठणठणीत वाटतं. शनिवारी पहाटे, अंधारात, जाडजूड कपड्यांत, गोठलेल्या पायऱ्यांवरून माणूस चढतो आणि तो पट्टा तुटतो. तिथल्या शिकाऱ्यांच्या दुखापतींत गोळीइतकीच, किंबहुना जास्तच, चर्चा अशा पडण्याची असते. त्यामुळं शंका आली की पट्टा सरळ बदलायचा. काटकसर बाकी कशात करायची ती करा.

नागफणीवर रॅपलिंग केलेल्यांना हार्नेस नवा नाही. पण आपला कमरेचा हार्नेस इथं उपयोगाचा नाही. पडताना माणूस उलटा होऊ शकतो, म्हणून खांद्यापासून मांड्यांपर्यंत अंगभर बसणाराच लागतो. बुंध्यावरून जमिनीपर्यंत एक दोर सोडलेला असतो, त्यावर प्रुसिक गाठ. पहिली पायरी चढण्याआधी तिच्यात अडकायचं आणि उतरून जमिनीला पाय लागेपर्यंत सुटायचं नाही. वर पोचल्यावर अडकवू, असं म्हणणारे चढता-उतरतानाच पडतात.

पडल्यावर हार्नेसनं धरलं, तरी विषय संपत नाही. लोंबकळत राहिलात तर पट्टे मांड्यांत रुततात, रक्त पायांत साचतं आणि थोड्याच वेळात जिवावर बेतू शकतं. त्यासाठी एक छोटा फासा जवळ ठेवतात, त्यात पाय रोवून उभं राहता येतं. फोन बॅगेत नाही, हात पोचेल अशा खिशात. कुठल्या मचाणावर आहोत आणि कधी परतणार, हे घरी किंवा रूममेटला सांगून जायचं. हे रूममेटचं काम उद्या तुमच्याकडंही येऊ शकतं, तेव्हा ती वेळ लिहून ठेवा.

बंदूक? ती खाली, रिकामी. आपण वर जाऊन बसलो, अडकलो, की मग दोरीनं ओढून घ्यायची.