उहुराला पहिले नाव कोणी दिले?

मालिकेचा भाग संपला की घराघरांत वाद सुरू होतो. अमका खरोखर मेला की पुढच्या महिन्यात परत येणार? मागे दाखवले ते खरे की आज दाखवले ते खरे? असा वाद अमेरिकेत आणि इंग्लंडातही होतो, आणि तिकडे त्याला जवळजवळ शास्त्राचे रूप आले आहे. मालिकेच्या कथेत काय अधिकृत धरायचे आणि काय बाजूला ठेवायचे, याला तिकडचे चाहते 'कॅनन' म्हणतात. शब्द मूळचा ग्रीक, अर्थ मोजपट्टी. बायबलात कोणते ग्रंथ प्रमाण मानायचे, त्या यादीसाठी ख्रिस्ती धर्मपीठाने तो वापरला. पुढे १९११ साली रोनाल्ड नॉक्स नावाच्या विद्वानाने ऑक्सफर्डमध्ये एक निबंध वाचला. बायबलाच्या पंडितांची रीत शेरलॉक होम्सच्या गोष्टींना लावून त्याने त्या पंडितांची थट्टा उडवली. थट्टा बाजूला राहिली, रीत मात्र होम्सच्या चाहत्यांनी उचलली. कॉनन डॉईलने लिहिलेल्या ४ कादंबऱ्या आणि ५६ कथा तेवढ्या प्रमाण, बाकी सारे उपरे, असे ते आजही मानतात. तेथून हा शब्द टीव्हीच्या मालिकांकडे आला.

हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, असे कोणी म्हणेल. त्यांनी एका बाईच्या नावाची हकीकत ऐकावी.

८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत 'स्टार ट्रेक' ही मालिका सुरू झाली. तेविसाव्या शतकातले एक अंतराळयान, आणि त्यावर निरनिराळ्या वंशांची माणसे बरोबरीच्या नात्याने काम करतात, अशी तिची कल्पना. यानावरचे संदेश घेण्या-देण्याचे काम लेफ्टनंट उहुरा ही काळी अधिकारी पाहत असे. 'उहुरू' म्हणजे आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत स्वातंत्र्य, त्यावरून हे नाव बेतले होते. ज्या काळात अमेरिकेच्या पडद्यावर काळी बाई दिसलीच तर बहुधा मोलकरीण म्हणून दिसे, त्या काळात ही बाई गणवेश घालून यानाच्या मुख्य कक्षात बसत होती. भूमिका निशेल निकोल्स यांची. पहिल्या वर्षानंतर त्या मालिका सोडायला निघाल्या होत्या. तेव्हा खुद्द मार्टिन ल्यूथर किंग यांनी भेटून त्यांना थांबवले, ही आठवण त्यांनी पुढे अनेकदा सांगितली. आमचे लोक तुम्हांला पाहतात, ती जागा सोडू नका, असा किंग यांच्या सांगण्याचा आशय होता. १९९२ साली अंतराळात गेलेली पहिली काळी स्त्री डॉ. मे जेमिसन यांनी आपल्या प्रेरणेत उहुराचे नाव घेतले आहे.

एवढी ही मोठी भूमिका. पण उहुराला पहिले नाव नव्हते!

कप्तान कर्क यांचे पहिले नाव जेम्स. डॉक्टर मॅकॉय यांचे लेनर्ड. इंजिनिअर स्कॉट यांचे माँटगोमेरी, रशियन तरुण चेकॉव्ह याचे पावेल. ही नावे मूळ मालिकेतच उच्चारली गेली. राहिले कोण? काळी उहुरा आणि आशियाई चेहऱ्याचा सुलू. मालिकेच्या निर्मात्यांनी हे मुद्दाम केले असे आम्ही म्हणत नाही. समतेची कल्पना पडद्यावर आणणारीच ती माणसे होती. पण कोणाचे नाव लिहायचे राहून गेले, ते पाहा. आपल्या आज्यांना आणि पणज्यांना याचा अर्थ समजावून सांगावा लागला नसता. सरकारी दप्तरात 'अमक्याची बायको' एवढीच ज्यांची नोंद झाली, आणि ज्यांच्या नवऱ्यांना गावाने 'धोंड्या' आणि 'गेन्या' म्हणून हाक मारली, त्यांच्या नातींची नावे १९५६ नंतर सुजाता, प्रज्ञा, यशोधरा झाली. ती नावे आपण आपली ठेवली.

उहुराचेही तसेच झाले. १९६७ पासूनच स्टार ट्रेकचे चाहते स्वतःची चक्रमुद्रित मासिके काढीत होते. त्यांत कथा, चित्रे, पात्रांची चरित्रे येत. कंपनीच्या परवानगीने कादंबऱ्याही निघू लागल्या. १९८१ मध्ये व्होंडा मॅकिन्टायर या लेखिकेने आपल्या कादंबरीत सुलूला 'हिकारू' हे नाव दिले. १९८२ मध्ये विल्यम रॉट्सलर यांना पात्रांच्या चरित्रांचे पुस्तक लिहायचे होते. नाव नसलेल्या बाईचे चरित्र लिहिणार कसे? त्यांनी 'न्योटा' हे नाव सुचवले. स्वाहिलीत न्योटा म्हणजे तारा. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी आणि निशेल निकोल्स या दोघांनाही ते पसंत पडले.

पण पुस्तकात आले म्हणून ते अधिकृत झाले नाही. स्टार ट्रेकचा नियम असा की, पडद्यावर दिसेल आणि ऐकू येईल तेच प्रमाण. कादंबऱ्या आणि चरित्रे कितीही चांगली असली तरी प्रमाण नाहीत. एवढेच काय, १९७३–७४ मध्ये याच मालिकेचे २२ भाग चित्रपटांतल्या कार्टूनसारखे रेखाटून दाखवले होते, तेही १९८०च्या दशकाच्या शेवटी रॉडनबेरींच्या कार्यालयाने प्रमाणातून बाहेर काढले. पुढे ते पुन्हा आत घेतले गेले. म्हणजे ही मोजपट्टीही हाताहाताप्रमाणे लांब-आखूड होते! त्या चित्रमालिकेतच कर्कला 'टायबेरियस' हे मधले नाव मिळाले होते. १९९१च्या सहाव्या चित्रपटात ते पक्के झाले. त्याच चित्रपटात सुलूचे 'हिकारू' पक्के झाले. उहुरा मात्र थांबली. २००९च्या चित्रपटात तरुण कर्क तिला नाव विचारतो, ती सांगत नाही. पुढे दुसऱ्याच्या तोंडून ते त्याच्या कानी पडते. १९६६ ते २००९, ४३ वर्षे. तोवर ते नाव सांभाळले कोणी? ज्यांच्या शब्दाला कंपनीच्या दप्तरात काही किंमत नव्हती, त्या चाहत्यांनी.

मालक काय करू शकतो, याचा दुसरा नमुना 'डॅलस' मालिकेचा. १९८५ मध्ये तिच्यातला बॉबी मेला. नट परत यायला तयार झाला, तेव्हा १९८६ मध्ये बॉबी न्हाणीघरात अंघोळ करताना दिसला, आणि मधले अख्खे वर्ष त्याच्या बायकोला पडलेले स्वप्न होते असे सांगण्यात आले. गंमत अशी की, 'नॉट्स लँडिंग' नावाच्या भावकीतल्या मालिकेत त्याच्या मरणाचा शोक होऊन गेला होता. तिने तो मागे घेतलाच नाही. एका घरात माणूस जिवंत, भावाच्या घरात मेलेला. आपल्याकडच्या मालिका पाहणाऱ्या भगिनींना यात नवल वाटणार नाही.

इंग्लंडची तऱ्हा निराळी. 'डॉक्टर हू' ही मालिका बी.बी.सी.ने २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू केली. आणि तिच्यात प्रमाण काय, हे बी.बी.सी.ने कधी ठरवूनच दिले नाही. उलट, टेप महाग आणि जागा कमी म्हणून १९६०च्या दशकातले कितीतरी भाग तिने पुसून टाकले किंवा नष्ट केले. पण काही पोरांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर त्या मालिकेचा आवाज टिपून ठेवला होता. हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे, तो त्या पोरांमुळे. पुढे बी.बी.सी.ने त्याच आवाजावर चित्रे चढवून ते भाग विकले. ज्या वस्त्यांनी भीमगीते वह्यांत उतरवून आणि कॅसेटवरून कॅसेटवर उतरवून जिवंत ठेवली, त्यांना यातले मर्म चटकन कळेल.

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. तथागतांच्या महापरिनिब्बाणानंतर राजगृहात पहिली संगीती भरली. आनंदाने सुत्त सांगितले, उपालीने विनय सांगितला. उपाली जातीने न्हावी, हे आपण विसरू नये. संगीती संपल्यावर पुराण नावाचे थेर आपल्या भिक्खूंसह तेथे आले. थेरांनी धम्म आणि विनय संगायिला आहे, तुम्हीही तो मान्य करा, असे त्यांना सांगण्यात आले. चांगले संगायिले, ते म्हणाले, पण मी भगवंतांच्या मुखातून जसे ऐकले तसेच ध्यानी ठेवीन. विशेष म्हणजे संगीतीच्या बाजूने लिहिलेल्या विनयपिटकानेच त्यांचे हे म्हणणे जपून ठेवले, गाळले नाही.

आणि परमपूज्य बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात तर मोजपट्टीच आपल्या हाती दिली. ग्रंथात लिहिले आहे एवढ्यावरून ते बुद्धवचन ठरत नाही. ते बुद्धीला धरून आहे का, माणसाच्या कल्याणाशी त्याचा संबंध आहे का, हे पाहा, असे त्यांनी सांगितले. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही शतकानुशतके चालत आलेली कथा त्यांनी याच कसोटीवर नाकारली आणि शाक्य-कोलियांच्या पाण्याच्या तंट्याचे कारण मांडले.

परदेशातल्या मालिकेत कोण मेला आणि कोण जिवंत, याने आपल्या चुलीवर काही फरक पडत नाही. पण २०१९ मध्ये मराठी वाहिनीवर बाबासाहेबांच्या जीवनावरची मालिका सुरू झाली. आपल्या घराघरांत ती जेवणाचे ताट बाजूला ठेवून पाहिली गेली, आणि मुले तिच्यातली वाक्ये जयंतीच्या भाषणात बाबासाहेबांची म्हणून बोलू लागली. येथे मालिकेची मालकी वाहिनीची असली तरी प्रमाण ठरवण्याचा अधिकार वाहिनीचा नाही. महाडचा प्रसंग पाहिला तर ३ एप्रिल १९२७ पासून निघालेल्या 'बहिष्कृत भारता'चे अंक आहेत. भाषण ऐकले तर महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेले खंड आहेत. तपासून पाहण्याची सोय आपल्याला आहे.

माता रमाईंचे तसे नाही. त्या घरात काय बोलल्या, रात्री दिव्यापाशी काय म्हणाल्या, हे कोणी लिहून ठेवले नाही. मालिकेतले ते संवाद लेखकाने रचले, आणि आपल्या आयाबायांनी रमाईवर गायिलेली गाणीही रचलेलीच. गाणी आपली आहेत, ती गावीत. मालिका आवडली तर डोळे पुसत पाहावी. त्यानंतर मुलांना शासनाच्या खंडांपैकी आठवा खंड उघडून द्यावा. त्यात पाकिस्तानवरचा ग्रंथ आहे. रमाई २७ मे १९३५ रोजी गेल्या, आणि त्यांच्यामागे ५ वर्षांनी, १९४० मध्ये, तो ग्रंथ पहिल्यांदा निघाला. अर्पणपत्रिकेत बाबासाहेबांनी 'रामू' हे नाव लिहिले आहे, तिच्या मनाच्या चांगुलपणाचे आणि आपल्याबरोबर तिने सोसलेल्या हालांचे स्मरण केले आहे. चार-पाच ओळीच आहेत, इंग्रजीत आहेत. घरात दहावीचे मूल असेल तर ते अर्थ सांगेल.