काट्यावरचा कापूस

मंगरूळपीरसारख्या आमच्या वऱ्हाडी गावात कविसंमेलन म्हटले की पहिला मान गझलेचा. शेराची पहिली ओळ दोनदा म्हटली जाते, श्रोते सावरून बसतात आणि दुसऱ्या ओळीतला काफिया कवीच्या ओठांवर यायच्या आतच सतरंजीवरच्या चार जणांनी तो ओळखलेला असतो. हे सुख यमकाचे. अमरावतीच्या सुरेश भटांनी मराठी गझल घडवली, 'गझलेची बाराखडी' लिहून तिचे नियम नवोदितांच्या हाती दिले. त्यामुळे या भागाचे कान काफियाला चांगलेच सरावलेले आहेत. अशा मंचावर कोणी हायकू म्हटला, तर तीन ओळी संपल्या हेही पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. 'पुढे?' असा प्रश्न चेहऱ्यांवर उमटतो. टाळी पडलीच, तर उशिरा आणि भिडेखातर पडते.

तरीही वहीत हायकू लिहिणारे थांबत नाहीत. असे काय आहे त्यात?

'यमक जुळवायचे कष्ट नाहीत म्हणून', असे एक उत्तर नेहमी दिले जाते. ते खरे मानू नये. मराठी हायकूने यमकाला घराबाहेर काढलेलेच नाही. मूळ जपानी हायकूत यमकाचा नियम नाही. पाच-सात-पाच अशी सतरा मात्रांची मोजणी, ऋतू सुचवणारा एखादा शब्द आणि मध्ये एक छेद, एवढाच त्याचा संसार. सतराव्या शतकात बाशोने त्याला उंचीवर नेले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मासाओका शिकीने 'हायकू' हे नाव रूढ केले. मराठीत मात्र तीनपैकी दोन ओळींत यमक साधण्याची रीत पडली. मोजणीही तंतोतंत उतरत नाही. 'निप्पोन' या शब्दात आपण तीन अक्षरे मोजू. जपानी कान चार मोजतो. म्हणजे आपल्या सतरा अक्षरांत जपान्यांच्या सतरापेक्षा अधिक मजकूर मावतो. तेव्हा आकड्यांचा फार आग्रह धरण्यात हशील नाही.

मराठीत हायकू रुजवला तो शिरीष पै (१९२९-२०१७) यांनी. आचार्य अत्र्यांची ही कन्या. या एका घराशी यमकाचे नाते कसे होते, हे पाहण्याजोगे आहे. अत्र्यांनी 'झेंडूची फुले'मध्ये त्या काळच्या यमक्या कवींची मनसोक्त टर उडवली. त्याच अत्र्यांनी खानदेशातल्या निरक्षर बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांचे मोल ओळखले आणि १९५२ साली निघालेल्या त्यांच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. ज्या बाईच्या हाती लेखणी नव्हती, तिला यमकाचाच आधार होता. जात्यावरच्या ओव्या पिढ्यान्‌पिढ्या तोंडी टिकल्या, त्याही लय आणि यमक यांच्या बळावर. यमक ही अशी स्मरणाची दावण आहे. तिला हिणवण्याचा अधिकार कोणालाच नाही.

पण दावणीला बांधलेले जनावर ठरल्या घेरातच फिरते. शेतकऱ्यावर कविता लिहायला बसा. 'घाम' आला की पाठोपाठ 'दाम' येतो, 'दाम' आला की 'राम' येतो. शेतकऱ्याचे दुःख खरे असते, लिहिणाराही खोटा नसतो; पण दुसरी ओळ त्याने पाहिलेली नसते, ती पहिल्या ओळीच्या आवाजाने ओढून आणलेली असते. विदर्भाच्या शेतीवर अशा किती कविता आपण ऐकल्या! डोळे पाणावले, आणि एकही शेत डोळ्यांपुढे उभे राहिले नाही.

कापसाच्या हंगामात भरलेली गाडी अरुंद पांदणीने गेली की कडेच्या बाभळीला बोंडातला थोडा कापूस अडकून राहतो. हे ज्याने पाहिले आहे, तो एवढेच लिहील:

निघाली गाडी
बाभळीच्या काट्याला
कापूस थोडा

यात घाम नाही, दाम नाही. तरी गाडी कोणाची, भाव काय मिळेल, काट्यावरचा तो पुंजका कोणी वेचील का, हे सारे वाचणाऱ्याच्या मनात आपोआप सुरू होते. यमकाची कविता ऐकणाऱ्याला सोबत घेऊन शेवटाला पोचवते. हायकू त्याला वाटेत सोडतो. पुढचे त्याने चालायचे. कविसंमेलनात तो पडतो, याचे कारण हेच. त्याची दाद मंडपात मिळत नाही. मिळालीच तर चार दिवसांनी, एखाद्या बाभळीपाशी.

आमच्यासारख्या गावाला हायकूची गरज वाटावी असे आणखी एक कारण आहे. जपानात ऋतुशब्दांचे कोशच्या कोश आहेत. आपल्याकडे तसा कोश कोणी मुद्दाम केला नाही, कारण तो शेतकऱ्याच्या तोंडीच होता: मिरगाचा पाऊस, हस्ताच्या सरी, फाल्गुनातला पळस. आता वाशीम जिल्ह्यात पुष्कळ शेतांत कापसाच्या जागी सोयाबीन आले, मिरग कोरडा जाऊ लागला आणि शाळेतल्या मुलांना नक्षत्रांची नावे पाठ नसतात. शब्द जातो तेव्हा त्याच्यामागचे पाहणेही जाते. हायकू लिहिणाऱ्याला निदान घराबाहेर पडून पाहावे तरी लागते. मिरग आला का, हे कॅलेंडरला विचारून भागत नाही; माती हुंगावी लागते.

म्हणून यमक की हायकू, हा वाद मला फारसा पटत नाही. गझल गावी, ओवी म्हणावी, मुलांकडून श्लोक पाठ करून घ्यावेत. फक्त वहीचे शेवटचे पान कोरे ठेवावे. दिवसाकाठी जे एक दृश्य खरोखर पाहिले, ते तीन ओळींत तिथे उतरवावे आणि चौथी ओळ लिहायचा मोह आवरावा. त्या आवरण्यातच हायकूची सारी अवघड गंमत आहे.