जुन्या मालमोटारीस अचानक सुटणारा कंप

आमच्या खानदेशांत रावेर, यावल व चोपडा ह्या तालुक्यांतील केळी आणि शिरपूर-धुळ्याकडील कापूस बाजारास नेण्याचें काम पुष्कळ ठिकाणीं अजून जुन्या मालमोटारीच करीत आहेत. अशी गाडी एरव्हीं निमूटपणें चालत असते. आणि एके दिवशीं ठराविक वेगास पोंचतांच तळाकडून थरथर सुटते. कांहीं शेतकरी बंधु रस्त्यास दोष देऊन तशीच गाडी हांकतात. कांहीं तडक दुकान गांठून नवे भाग घेतात. दोन्ही गोष्टी नुकसानीच्या आहेत. हळूहळू वाढणारा कंप बहुधा झिजेचा असतो. अचानक सुटलेल्या कंपाचा अर्थ बहुधा असा कीं, कांहीं तरी सुटलें, सरकलें, चिकटलें अथवा चुकीचें बसविलें गेलें आहे. म्हणून प्रथम विचारावें तें हेंच, कीं कालपासून गाडींत काय बदललें?

गिअर-बॉक्सकडून मागील आंसाकडे शक्ति नेणारा जो पोलादी नळीचा दांडा, त्यास प्रोपेलर शाफ्ट म्हणतात. आंस पाट्यांवर वरखालीं होतो, म्हणून शाफ्टच्या टोकांस क्रॉसचे सांधे असतात, व लांबींत पडणारा फरक दांतेदार सरकता सांधा भरून काढतो. लांब गाडींत शाफ्टचे दोन तुकडे असून मध्यें रबरांत बसविलेलें सेंटर बेअरिंग असतें. क्रॉसचा सांधा कोनांत फिरला म्हणजे अलीकडील दांडा सारख्या गतीनें फिरत असतांही पलीकडील दांडा दर फेऱ्यास दोनदां जलद व दोनदां मंद होतो. दुसऱ्या टोकाचा सांधा तितक्याच कोनांत व जुळत्या स्थितींत असेल, तरच हा दोष तेथें फिटतो.

आतां परीक्षा. गाडी उभी करून, न्यूट्रलमध्यें, इंजिन वाढवून पाहावें. तेव्हांही थरथर येत असेल तर दोष इंजिन, क्लच अथवा इंजिनाचे रबरी आधार ह्यांत शोधावा. न आल्यास मोकळ्या, सपाट रस्त्यावर त्याच वेगास दुसऱ्या गिअरमध्यें गाडी चालवावी. इंजिनाचे फेरे बदलूनही थरथर त्याच वेगास येत असेल, तर शाफ्ट किंवा चाकें ह्यांकडे पाहावें. घाटांत हे प्रयोग मुळींच करूं नयेत.

चाक कीं शाफ्ट, हें थोड्या हिशेबानें कळतें. चाकाचा परीघ अडीच मीटर धरला, तर ताशीं ६० किलोमीटर वेगांत चाक मिनिटास ४०० फेरे घेतें. मागील आंसाचें प्रमाण पांचास एक असेल तर शाफ्ट २००० फेरे, म्हणजे सेकंदास सुमारें ३३ फेरे घेतो. म्हणून चाकाचा दोष संथ हेलकाव्यासारखा, बहुधा स्टिअरिंगवर जाणवतो. शाफ्टचा दोष बारीक, घुमणाऱ्या थरथरीसारखा बैठकीखालीं जाणवतो. वेग दुप्पट झाला कीं असमतोलाचा जोर चौपट होतो, हेंही विसरूं नये.

खालीं शिरण्यापूर्वीं गाडी सपाट जागीं उभी करावी, इंजिन बंद करावें व चाकांस दोन्ही बाजूंनीं पक्के ठोकळे लावावे. मगच गिअर व हातब्रेक सोडावा. प्रथम शाफ्ट धुवावा. पावसाळ्यांत शेतांत गेलेल्या गाडीच्या शाफ्टला आमची काळी माती एका अंगास चिकटून वाळते, कधीं सुतळी गुंडाळली जाते. तेवढ्यानेंही समतोल बिघडतो. नंतर फ्लँजचे सर्व बोल्ट पाहावे. शाफ्ट हातानें उलटसुलट पिळून क्रॉसमध्यें ढिलाई आहे काय तें पाहावें. वाट्यांभोंवतीं तांबडी गंजाची भुकटी दिसली तर तो क्रॉस कोरडा पडला असें समजावें. सेंटर बेअरिंगचें रबर फाटलें आहे काय, नळीस पोंचा पडला आहे काय, वेल्ड केलेली वजनपट्टी उडाली आहे काय, तसेंच पाट्यांचा मधला बोल्ट तुटून आंस सरकला आहे काय, हें क्रमानें तपासावें.

आमच्याच एका जुन्या गाडीचा अनुभव सांगतों. क्लचचें काम होऊन ती परत आली आणि चाळीसच्या पुढें थरथरूं लागली. आम्हीं दोन क्रॉस बदलले, सेंटर बेअरिंग बदललें. पैसा गेला, थरथर राहिली. सावद्याहून केळी भरून निघालेली गाडी अर्ध्या वाटेवरून परत आणावी लागली. घड घासून काळे पडले व भाव उतरला. शेवटीं एका वृद्ध मेस्त्रींनीं शाफ्टवरील चिखल पुसला. सरकत्या सांध्याच्या दोन भागांवरील बाण समोरासमोर नव्हते! क्लचच्या वेळीं शाफ्ट सोडून कांहीं दांत पुढेंमागें बसविला गेला होता. बाण जुळवितांच गाडी पूर्ववत् झाली, आणि खर्च काय तो ग्रीसचा. तेव्हांपासून शाफ्ट सोडण्यापूर्वीं प्रत्येक जोडावर रंगानें खूण करण्याचा आमचा नियम आहे.

क्रॉसला ग्रीस भरतांना चारही वाट्यांतून जुनें ग्रीस बाहेर येईपर्यंत भरावें. पाण्याचिखलांतून गाडी गेल्यावर हें अवश्य करावें. वांकलेला शाफ्ट हातोड्यानें सरळ करूं नये. यंत्रावर समतोल करून घ्यावा अथवा बदलावा. आणि थरथरीबरोबर खडखडाट येऊं लागला तर एक पाऊलही पुढें जाऊं नये. चालत्या गाडींत शाफ्टचें पुढील टोक सुटून रस्त्यांत रुतलें, किंवा शाफ्टच्या तडाख्यानें ब्रेकची नळी तुटली, तर प्रश्न एका खेपेच्या भाड्याचा राहात नाहीं. गाडींतील माणसांच्या जिवाचा होतो.